पाव फुकट, वड्याचे पैसे: ओपन सोर्सचं अर्थकारण

१९८५ च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर टपालाने एक टेप विकत असे. किंमत १५० डॉलर. टेपवर 'ईमॅक्स' नावाचा एडिटर होता, म्हणजे ज्यात बसून कोड लिहायचा ते सॉफ्टवेअर. हेच सॉफ्टवेअर नेटवरून कुणीही मोफत उतरवून घ्यावं असंही तोच सांगत होता. पण तेव्हा नेट होतं किती जणांकडे? ज्यांच्याकडे नव्हतं ते पैसे पाठवत आणि घरी टेप येई. स्टॉलमनने एमआयटीतली नोकरी १९८४ च्या सुरुवातीलाच सोडली होती, त्यामुळे त्यालाही पैशांची गरज होतीच.

ओपन सोर्सचं अर्थकारण समजायला मला हा व्यवहार फार सोयीचा वाटतो. कोडचे पैसे नव्हते. पैसे होते टेपचे, टपालाचे, कुणीतरी नीट कॉपी करून पाठवण्याच्या मेहनतीचे. पुढे या धंद्यात अब्जावधी डॉलर आले, तरी घडण तीच राहिली. कोड फुकट, आणि कमाई कोडच्या शेजारी टाकलेल्या दुकानातून. दुकान कुणाचं आणि कसलं हे बदलत गेलं. ज्या कोडच्या शेजारी दुकान निघूच शकत नाही, त्याचं काय होतं, हा मात्र या सगळ्यातला अवघड प्रश्न आहे. त्याकडे येऊच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की स्वतंत्र आणि विनामूल्य हे दोन्ही अर्थ निघतात, आणि स्टॉलमनचं निम्मं आयुष्य हा फरक समजावण्यात गेलं असावं. आपल्याकडे मुक्त आणि फुकट असे दोन वेगळे शब्द आहेत. ओपन सोर्स सॉफ्टवेअर मुक्त असतं: त्याचा सोर्स कोड उघडा असतो, तो वाचता येतो, बदलता येतो, पुढे वाटता येतो. ते फुकट मिळतं हा त्या मुक्तपणाचा परिणाम आहे. एकदा वाटायची मुभा दिली की शंभर रुपयांना विकणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी शून्य रुपयांना देणारा उभा राहतोच.

दुसरी प्रत

वडापावच्या गाडीवर दर वड्याला बटाटा लागतो, बेसन लागतं, तेल लागतं. हजारावा वडाही पहिल्याइतकाच सामान खातो. सॉफ्टवेअरचं उलटं. पहिली प्रत तयार करायला दहा माणसांची तीन वर्षं जातील, पण दुसरीपासून पुढच्या सगळ्या जवळजवळ फुकट. अर्थशास्त्र सांगतं की मोकळ्या स्पर्धेत वस्तूची किंमत घसरत घसरत आणखी एक नग बनवण्याच्या खर्चापर्यंत येते. इथे तो खर्च शून्य आहे. तेव्हा सॉफ्टवेअर महाग विकायचं तर त्याभोवती कायद्याचं कुंपण घालावं लागतं. कॉपीराइट आणि लायसन्स म्हणजे ते कुंपण. ओपन सोर्सवाले ते कुंपण काढून टाकतात.

नेमकं सांगायचं तर काढत नाहीत, त्याच कुंपणावर वेगळी पाटी लावतात. पाट्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक म्हणते, काहीही करा, फक्त आमचं नाव राहू द्या. एमआयटी आणि अपाचे ही लायसन्स या जातीची. दुसरी म्हणते, घ्या, बदला, पण बदललेलं दुसऱ्याला देताना तुमचा कोडही याच अटींवर खुला करा. हे जीपीएल, स्टॉलमनचंच, १९८९ चं. दोन्ही पाट्यांवर एक ओळ सारखी असते आणि ती कुणी वाचत नाही: सॉफ्टवेअर आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही. ही ओळ लक्षात ठेवा. एका कंपनीने याच ओळीवर अब्जावधी डॉलरचा धंदा उभा केला.

फुकट देणारे येडे आहेत का?

नाहीत. काही जण स्वतःची अडचण सोडवायला लिहितात आणि लिहिलंच आहे तर ठेवू नेटवर, असं म्हणतात. द्यायचा खर्च शून्य असल्यावर द्यायला कारण लागत नाही. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, लिहायला घेतली ती साधारण अशीच. गंमत म्हणजे त्याच्या पहिल्या लायसन्समध्ये पैसे घेऊन वाटायला बंदी होती. १९९२ मध्ये त्याने ती बंदी उठवून जीपीएल घेतलं, आणि लिनक्सच्या शेजारी दुकानं टाकायचा रस्ता मोकळा झाला.

काही जणांचा हिशोब लांबचा असतो. जॉश लर्नर आणि झ्याँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये यावर एक निबंध लिहिला (तिरोल यांना पुढे २०१४ चं नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी). त्यांचं म्हणणं असं की उघड्यावर लिहिलेला कोड हे आपल्या कौशल्याचं जाहीर प्रदर्शन असतं. नवा गवई गणपतीच्या मांडवात बिदागी न घेता गातो, कारण समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी पुढच्या मैफलीला बोलावेल. कंपनीच्या बंद दाराआड लिहिलेला कोड कुणाला दाखवता येत नाही, इथला साऱ्या जगाला दिसतो.

पण प्रदर्शनाला किंमत आहे म्हटलं की खोटं प्रदर्शनही येतं. २०२० च्या ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळणार होता. पुल रिक्वेस्ट म्हणजे 'तुमच्या कोडमध्ये माझा हा बदल घ्या' अशी विनंती. जगभरच्या प्रकल्पांवर अशा विनंत्यांचा पूर आला. कुणी माहितीपत्रकात 'अमेझिंग प्रोजेक्ट' हे दोन शब्द घालून पाठवत होतं, आणि त्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता हे कबूल करायला हवं. पाठवणाऱ्याचा अर्धा मिनिट गेला. पण पलीकडे प्रत्येक विनंती उघडून, वाचून, बंद करणारा एक माणूस होता. ओपन सोर्समध्ये खरी तूट कशाची आहे ते तिथे दिसलं. कोडची नाही, तो कितीही वापरला तरी संपत नाही. संपतो तो सांभाळणाऱ्याचा, म्हणजे मेंटेनरचा, वेळ. अलीकडे एआयने लिहिलेल्या खोट्या बग रिपोर्टांनी तोच वेळ खायला सुरुवात केली आहे. 'कर्ल' या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ पासून याबद्दल वारंवार तक्रार केली आहे.

कंपन्यांची सावड

हौशी पोरं रात्री जागून लिनक्स लिहितात हे चित्र आता जुनं झालं. लिनक्सच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं, बहुतांश काम पगारी माणसं करतात. पगार देतात इंटेल, रेड हॅट, गूगल, हुआवे अशा कंपन्या, ज्यातल्या कित्येक बाजारात एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात.

आपल्याकडे शेतकरी सावड करतात. आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, पण कुणी फुकटही राबत नाही. कर्नल ही अशी सावड आहे. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम एकट्याने लिहिणं आणि जन्मभर पोसणं कुणालाच परवडत नाही, आणि तिच्यामुळे बाजारात कुणी पुढेही जात नाही. मग ती मिळून केलेली बरी.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल की सावडीत फसवाफसवी होणार नाही का? दुसऱ्यांचं घ्यायचं आणि आपल्या सुधारणा आपल्यापाशी ठेवायच्या. जीपीएल याला काही अंशी आळा घालतं, पण कायद्याहून मोठा धाक वेगळाच आहे. समजा तुम्ही कर्नलमध्ये तुमच्यापुरते दोनशे बदल केले आणि दडवून ठेवले. दर दोन-अडीच महिन्यांनी नवं कर्नल येतं. त्यात हजारो जागी कोड हललेला असतो, आणि तुमचे दोनशे पॅच पुन्हा बसवावे लागतात. परत दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा. काही वर्षांत तेवढ्याच कामाला एक टीम लागते. तेच बदल मूळ कर्नलमध्ये घालून टाकले तर पुढे ते सगळ्यांबरोबर आपोआप सांभाळले जातात. ज्यांनी जुन्या कर्नलवर अडकलेलं एखादं यंत्र सांभाळलं आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. कंपन्या परत देतात यात उदारपणा थोडा आणि हे ओझं टाळणं फार.

दुसरं कारण आणखी व्यवहारी. वडेवाल्याचा विचार करा. त्याचा नफा वड्यात आहे, पण वडा पावाशिवाय खपत नाही. पाव महागला की वडा कमी खपतो. उद्या गावातला पाव फुकट झाला तर वडेवाल्याचं भलं होईल. एखादा मोठा वडेवाला तर स्वतः पैसे घालून फुकट पावाची भट्टी काढेल. अर्थशास्त्रात अशा वस्तूंना पूरक वस्तू म्हणतात, आणि नियम सोपा आहे: जे तुम्ही विकता त्याच्या पूरक वस्तू जितक्या स्वस्त तितकं तुम्हाला बरं.

आयबीएमने २००१ या एका वर्षात लिनक्सवर १ अब्ज डॉलर खर्चण्याचं जाहीर केलं, तेव्हा पुष्कळांना ते दान वाटलं. आयबीएम सर्व्हर विकत होती आणि सल्लासेवा विकत होती. तिच्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम हा पाव होता. गूगलने अँड्रॉइड खुलं ठेवलं, कारण गूगलचा वडा जाहिराती. फोन जितके स्वस्त आणि जितक्या हातांत, तितका शोध जास्त. मायक्रोसॉफ्टचा धंदा मात्र पाव विकण्याचाच होता. त्यामुळे २००१ मध्ये त्यांचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कॅन्सर म्हटलं. पुढे मायक्रोसॉफ्टची मोठी कमाई क्लाउडवरून, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवरून, येऊ लागली, त्या सर्व्हरवर गिऱ्हाइकांना लिनक्सच हवं होतं, आणि २०१८ मध्ये त्याच कंपनीने ओपन सोर्सचं सगळ्यात मोठं कोठार असलेलं गिटहब ७.५ अब्ज डॉलरना घेतलं. मतपरिवर्तन झालं असेलही. पण वडा बदलला होता हे नक्की.

लिफ्टचं एएमसी

आता दुकानाकडे वळू. रेड हॅट ही लिनक्सचा धंदा करणारी कंपनी. फुकट मिळणारी वस्तू विकून ती कशी जगली, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडायचा. उत्तर आमच्या सोसायटीच्या सभेत सापडलं, लिफ्टच्या एएमसीवरून भांडण चाललं असताना. लिफ्ट आपलीच असते. तरी दरवर्षी आपण कुणालातरी पैसे देतो, कशासाठी? ती बंद पडू नये, पडली तर रात्री दोनला फोन उचलणारं कुणीतरी असावं, आणि उद्या काही झालं तर बोट दाखवायला कुणीतरी असावं.

१९९३ मध्ये सुरू झालेली रेड हॅट तेच विकते. बँकेला, विमान कंपनीला, सरकारी खात्याला लिनक्स फुकट मिळतंय याचं कौतुक नसतं. त्यांना भीती असते. 'कसलीही हमी नाही' ही लायसन्समधली ओळ त्यांचा वकील वाचतो. रेड हॅट म्हणते, हमी आम्ही देतो. ही आवृत्ती दहा वर्षं सांभाळू. या काळात सुरक्षेचं भोक निघालं तर दुरुस्ती नव्या आवृत्तीत न ढकलता तुमच्या जुन्या आवृत्तीत बसवून देऊ, म्हणजे तुमचं चालू सॉफ्टवेअर मोडणार नाही. अमुक सर्व्हरवर, अमुक डेटाबेससोबत हे चालतं याचं प्रमाणपत्र देऊ. त्यासाठी दर वर्षाला सबस्क्रिप्शन. ही जुन्या आवृत्तीत दुरुस्ती बसवण्याची कामं कंटाळवाणी आणि अवघड असतात, हौशीने कुणी करत नाही. म्हणूनच त्यांचे पैसे मिळतात.

२०१२ साली संपलेल्या आर्थिक वर्षात रेड हॅटचा महसूल १ अब्ज डॉलरच्या वर गेला. ओपन सोर्सवर जगणाऱ्या कंपनीने हा टप्पा गाठण्याची ती पहिली वेळ. २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. रेड हॅटचं पुण्यात मोठं ऑफिस आहे, आणि लिनक्सवर मराठी धड दिसू लागली त्यात त्यांच्या 'लोहित' या मुक्त फॉन्टमालिकेचा वाटा आहे. त्या फॉन्टने रेड हॅटला थेट किती पैसे मिळवून दिले असतील? बहुधा काहीच नाही. दुकान चांगलं चाललं की अंगणात चार झाडं लावली जातात.

मुंबईच्या फ्राप्पे कंपनीचं 'ईआरपीनेक्स्ट' हे जवळचं उदाहरण. हिशेब, माल, पगार सांभाळणारं हे सॉफ्टवेअर पूर्ण खुलं आहे, जीपीएलखाली. छोटा कारखानदार ते स्वतःच्या मशीनवर फुकट चालवू शकतो. पण सर्व्हर सांभाळा, बॅकअप घ्या, आवृत्ती बदला ही कटकट नको असेल तर कंपनीच तिच्या क्लाउडवर महिन्याच्या पैशांत चालवून देते. पुष्कळ कारखानदारांना कटकट नकोच असते.

तिसरा प्रकार मायएसक्यूएलचा होता. डेटाबेस जीपीएलखाली फुकट. तो तुमच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये घालून विकायचा असेल तर जीपीएल सांगणार, तुमचाही कोड उघडा. ते नको? मग वेगळं लायसन्स विकत घ्या. म्हणजे फुकट लायसन्सची धास्ती हेच इथलं दुकान. २००८ मध्ये सन कंपनीने मायएसक्यूएल १ अब्ज डॉलरना घेतली, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली.

तेव्हा मूळ लेखकांपैकी मायकेल विडेनियस यांनी तोच कोड उचलून 'मारियाडीबी' नावाने वेगळी चूल मांडली होती. याला फोर्क म्हणतात. ओपन सोर्समधल्या मालकाची सत्ता किती, तर लोक कंटाळून वेगळी चूल मांडत नाहीत तेवढीच. फोर्क रोज होत नाही, होऊ शकतो एवढंच पुरतं.

दुकान दुसऱ्यानेच टाकलं तर?

कोड खुला, दुकान आपलं, हा हिशोब क्लाउडने बिघडवला. डेटाबेस लिहायचा एका कंपनीने, आणि तो चालवून देण्याची सेवा विकायची ॲमेझॉनने. ॲमेझॉनकडे सर्व्हर आहेत, गिऱ्हाईक आधीच आहे, बिलात एक ओळ वाढली की झालं. लायसन्समध्ये याला कसलीच हरकत नाही. जीपीएलची अट सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती देताना लागू होते. ते आपल्याच सर्व्हरवर ठेवून नुसती सेवा विकली तर काही दिलं असं होतच नाही.

मग अशा एकेका कंपनीने पाटी बदलली. २०१८ मध्ये मोंगोडीबी, २०२१ मध्ये इलॅस्टिक, २०२३ मध्ये टेराफॉर्मवाली हॅशीकॉर्प, २०२४ च्या मार्चमध्ये रेडिस. नव्या लायसन्सांचा मथितार्थ एकच: सगळं करा, पण आमच्या दुकानासमोर हेच विकायला बसू नका. ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या संस्थेने अशा लायसन्सांना ओपन सोर्स मानलं नाही. इलॅस्टिकचा कोड घेऊन ॲमेझॉनने 'ओपनसर्च' काढलं. टेराफॉर्ममधून 'ओपनटोफू' निघालं, रेडिसमधून 'वाल्की', दोन्ही लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छपराखाली. काही काळाने इलॅस्टिक आणि रेडिस या दोघींनीही पुन्हा एका मान्य ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊ केला. तोवर वेगळ्या चुली पेटलेल्या होत्या.

मला यात कंपन्यांची बाजू कळते. तरी त्यांच्याबद्दल पूर्ण सहानुभूती वाटत नाही, कारण बाहेरच्या लोकांनी कोड दिला तेव्हा अटी वेगळ्या होत्या. अशा प्रकल्पात कोड देताना सहसा एका करारावर सही घेतात, ज्यामुळे कंपनीला पुढे लायसन्स बदलता येतं. लिनक्स कर्नलमध्ये तसा करार नाही. तिथे कॉपीराइट हजारो लोकांत विखुरलेला आहे, त्यामुळे पाटी बदलायची म्हटली तर खुद्द टोरवाल्ड्सच्याही हातात ते नाही. एखाद्या प्रकल्पावर आपला धंदा उभा करताना फक्त लायसन्स बघू नका, कॉपीराइट एका मुठीत आहे की हजार मुठींत हेही बघा.

विहिरीतला गाळ

आता तो अवघड प्रश्न. गावात विहीर असते, पाणी सगळे भरतात, गाळ काढायच्या दिवशी मात्र ज्याला त्याला कामं निघतात. ओपन सोर्समध्ये अशा शेकडो विहिरी आहेत. छोट्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वापरायचे तयार कोडचे तुकडे: कुणी फाइल दाबून लहान करते, कुणी तारखा मोजते, कुणी गुप्तलेखन करते. त्या इतक्या खोल दडलेल्या असतात की त्यांच्या शेजारी दुकान टाकावं तर गिऱ्हाइकालाच माहीत नसतं की आपण हे वापरतो.

माझ्या आधीच्या कंपनीत एका गिऱ्हाइकाने सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या सगळ्या लायब्ररींची यादी मागितली. आम्ही तीस-चाळीस नावं आठवून लिहिली. मग यंत्राकडून काढली तर यादी हजाराच्या पुढे गेली, कारण एक लायब्ररी दुसरीवर, दुसरी तिसरीवर उभी. त्यातल्या एकीलाही आम्ही कधी रुपया दिला नव्हता. त्याच वर्षी ऑफिसच्या कॉफी मशीनचं एएमसी मात्र वेळेवर भरलं होतं.

ओपनएसएसएल हे अशा विहिरीचं गाजलेलं उदाहरण. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं त्यामागचं गुप्तलेखन जगातल्या असंख्य सर्व्हरांवर हीच लायब्ररी करते. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिच्यात 'हार्टब्लीड' नावाचं भोक सापडलं. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्ड आणि किल्ल्या बाहेर काढता येत होत्या, आणि ते दोन वर्षं तसंच होतं. मग लोकांनी प्रकल्पाचा ताळेबंद पाहिला. देणग्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. बँका, दुकानं, सरकारं ज्यावर विसंबली होती त्या वस्तूची ही स्थिती. शरमेने म्हणा की भीतीने, मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत दरवर्षी प्रत्येकी १ लाख डॉलर घालायचं ठरवलं, ओपनएसएसएलला पूर्णवेळ माणसं मिळाली. पण ती एक विहीर झाली. २०२१ च्या डिसेंबरात 'लॉगफोरजे' या अशाच एका लायब्ररीत भोक निघालं, तेव्हाही धावपळ करणारे मेंटेनर बहुतेक आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करणारे स्वयंसेवक होते.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये या सगळ्याची किंमत काढायचा प्रयत्न केला. सर्वाधिक वापरलं जाणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहून घ्यायचं तर खर्च सुमारे ४.१५ अब्ज डॉलर. पण ते अस्तित्वातच नसतं आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापलं लिहावं लागलं असतं तर ८.८ लाख कोटी डॉलर. दुसरा आकडा जरा सावधपणे घ्यावा. खरंच तशी वेळ आली असती तर लोकांनी एकमेकांकडून विकत घेतलं असतं, प्रत्येकाने लिहीत बसलं नसतं. मला त्यातला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो: वापराच्या बाजूने मोजलेल्या या मूल्यापैकी ९६ टक्के मूल्य अवघ्या ५ टक्के प्रोग्रामरांच्या कोडमधून येतं. म्हणजे गाळ काढणारे हात फार थोडे आहेत.

मग त्यांना पैसे का देत नाहीत? देऊ लागलेत. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी पैशातून सॉव्हरिन टेक फंड काढला. बंगळूरच्या झिरोधाने २०२४ च्या ऑक्टोबरात 'फ्लॉस फंड' जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलर, जगभरच्या प्रकल्पांसाठी. गिटहबवर थेट मेंटेनरला दरमहा रक्कम देण्याची सोय २०१९ पासून आहे. पण पैसा पोचवणं वाटतं तितकं सोपं नाही. देणग्या दिसणाऱ्या प्रकल्पांना मिळतात, आणि गाळ न दिसणाऱ्यांत साचतो. ज्याला चांगली नोकरी आहे त्याला महिन्याला दोनशे डॉलर नको असतात, रविवार हवा असतो. आणि पैसे घेतले की हौसेचं काम बांधिलकीचं होतं, 'जमेल तेव्हा बघतो' म्हणायची सोय जाते. काही मेंटेनर याच कारणाने पैसे नाकारतात.

रविवार संपला की काय होतं ते 'एक्सझेड' प्रकरणात दिसलं. एक्सझेड फाइली दाबून लहान करतं, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. सांभाळणारे लासे कोलिन, एकटेच, विनावेतन. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या चर्चेत त्यांच्यावर दबाव येऊ लागला: काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला द्या. कोलिन यांनी लिहिलं की आपली मानसिक तब्येत बरी नाही, आणि हा बिनपगारी हौशी प्रकल्प आहे हे ध्यानात ठेवावं. दबाव आणणाऱ्यांत 'जिगर कुमार' नावाचं एक खातं होतं. ही खाती बनावट असावीत असं आता मानलं जातं. त्याच सुमारास 'जिया टॅन' नावाचा कुणी मन लावून मदत करत होता. थकलेल्या माणसाने हळूहळू त्याच्या हाती अधिकार दिले. दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावल्यावर, २०२४ च्या फेब्रुवारीत, जिया टॅनने नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसवला, ज्यातून जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत शिरता आलं असतं.

तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसचं काम करतात. चाचण्या करताना त्यांना दिसलं की सर्व्हरवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, आणि तेवढ्यासाठी ते खोदत गेले. पोस्टग्रेसच्या शेजारी भरभक्कम दुकानं आहेत, त्यामुळे तिथे अर्ध्या सेकंदाच्या मागे लागायला पगारी माणूस होता. एक्सझेडच्या शेजारी काहीच नव्हतं.

२९ मार्चला फ्रॉइंड यांनी ते जाहीर केलं. त्यानंतर दोन महिन्यांनी एक्सझेडची साफ केलेली आवृत्ती आली. जिया टॅनचा चोरदरवाजा काढून ती आवृत्ती काढली लासे कोलिन यांनीच.